वासुदेव प्याला आणि पुराची रेघ: होई आनमध्ये चार रात्री

तारीख ठरली ती कालनिर्णयवरून. व्हिएतनाममधल्या होई आन या जुन्या बंदराच्या गावात दर चांद्र महिन्याच्या चौदाव्या संध्याकाळी जुन्या पेठेतले विजेचे दिवे मालवतात आणि नुसते कंदील ठेवतात. म्हणजे आपली शुद्ध चतुर्दशी. २०२५ च्या मार्चमध्ये ती १३ तारखेला, गुरुवारी येत होती. त्याच संध्याकाळी आपल्याकडे होळी. नवरा बँकेत, त्यामुळे मार्चअखेर त्याच्यासाठी सोयर-सुतकासारखी, कुठं जाणं नाही. "तू आणि आई जाऊन या," म्हणाला. मस्करीत म्हणाला असावा, पण आईंनी ऐकलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय सत्तर, गळ्यात तुळशीची माळ, आणि पासपोर्ट चार वर्षांपूर्वी दुबईसाठी काढून तसाच पडलेला.

महिना मात्र नीट पाहून निवडला. मध्य व्हिएतनामचा पाऊस आपल्या उलट, साधारण सप्टेंबर ते डिसेंबर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात थू बोन नदी गावात शिरते. जून-जुलैत घामाच्या धारा. फेब्रुवारी ते एप्रिल बरा.

सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात होई आनला एक संध्याकाळ असते. मुक्काम दा नांग या शेजारच्या शहरातल्या उंच हॉटेलात, चारला बस, नऊला परत. मला ते नको होतं. सकाळी सातला गाव कसं दिसतं ते बघायचं, तर मुक्काम तिथंच हवा. आधी नदीपलीकडच्या आन होई बेटावर खोली घेतली, नकाशात पेठेच्या अगदी समोर. मग कळलं की रात्रबाजार आणि गाण्यांचा धिंगाणाही तिथंच. रद्द केली, निम्मे पैसे बुडाले. "रद्द केल्यास परतावा" या शब्दांखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायचं असतं, हे मी तिसऱ्यांदा शिकले. शेवटी पेठेपासून दीड किलोमीटरवर, काम चाउ भागात भातशेताच्या कडेला एका घरगुती ठिकाणी खोली मिळाली. मालकिणीला मी एकच प्रश्न विचारला: तळमजला की वरचा? तिनं हसऱ्या चेहऱ्यांची रांग टाकून कळवलं की मार्चमध्ये पूर येत नाही. तरी वरचीच घेतली. आम्ही सांगलीच्या गावभागातले. आईंचे गुडघे दुखतात, पण २०१९ त्यांच्या गुडघ्यांपेक्षा जास्त लक्षात आहे.

व्हिसा घरबसल्या निघतो. एकदा जाण्याचा पंचवीस डॉलर, सरकारी संकेतस्थळावरून. तशीच दिसणारी दुसरी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट घेतात, तिकडं बघू नका. आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं भरा, नवऱ्याच्या नावासकट. मी आईंच्या अर्जात मधलं नाव गाळलं आणि सगळं पुन्हा भरावं लागलं. "तुझ्या सासऱ्यांना वगळून मी कुठं जाणार होते?" आई म्हणाल्या.

सोमवार-मंगळवार, १०-११ मार्च

निघालो तो दिवस एकादशीचा. मुंबई विमानतळावर आईंनी डब्यातली साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि शेजारच्या बाईंना राजगिऱ्याचा लाडू दिला. रात्रीचं विमान, पहाटे हो ची मिन्ह सिटी. घड्याळ दीड तास पुढं करायचं. तिथं सामान ताब्यात घेऊन देशांतर्गत टर्मिनलपर्यंत चालत जावं लागलं. मध्ये तीन तास ठेवले होते, ते पुरले. दा नांगला उतरून टॅक्सीनं तीसेक किलोमीटर. होई आनला विमानतळ नाही, रेल्वेही नाही. एका अर्थी म्हणूनच ते गाव उरलं आहे, त्याबद्दल पुढं.

मालकीणबाई चाळिशीची. पहिला प्रश्न तिनं विचारला तो वयाचा. तिथं समोरच्याला काय म्हणायचं ते वयावरून ठरतं, आपल्या काका-मामी-आत्याच्या वरताण. आई सत्तरीच्या म्हटल्यावर त्या झाल्या "बा", म्हणजे आजी. आईंना हसू आवरेना. त्यांच्या माहेरी, तासगावकडं, बा म्हणजे बाप.

जेवणाची तयारी मी करून गेले होते. शाकाहारीला तिथला शब्द आपल्या "चाय"च्या अगदी जवळचा आहे. आणि चहाला शब्द "चा"सारखा ऐकू येतो. आईंना हे मी तीनदा समजावलं. तरी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपरीत त्यांनी बोटांनी कपाचा आकार करून "चाय, चाय" म्हटलं आणि दहा मिनिटांनी समोर आला टोफू घातलेल्या शेवयांचा वाडगा. निमूट खाल्ला. "चहा नाही, पण चहापेक्षा बरं आहे," असा निकाल दिला. टोफूला त्या शेवटपर्यंत "ते पनीर" म्हणत राहिल्या.

बुधवार, १२ मार्च

सकाळी साडेसहाला पेठेत. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, पिवळ्या भिंतींवर बोगनवेल, एक म्हातारा दारासमोर झाडत होता. संध्याकाळच्या बसवाल्यांना हे गाव दिसत नाही. पेठेत ठरावीक वेळात मोटारी आणि स्कूटर बंद असतात. टॅक्सी कडेला सोडते आणि पुढं आपले पाय. गुडघेवाल्यांनी हे हिशेबात धरावं.

बाजारात आईंचा दीड तास गेला. केळफूल, नाळीची भाजी, आलं, कोवळ्या पुदिन्याच्या जुड्या. भाषा येत नसताना त्यांनी एका बाईशी भावाची घासाघीस केली, घ्यायचं काहीच नव्हतं तरी. पैशांचा हिशेब मी त्यांना असा शिकवला होता: डाँगमधली शेवटची तीन शून्यं झाका आणि उरलेल्याला साडेतीननं गुणा. "म्हणजे जुडी पस्तीस रुपयांना? आमच्या मारुती रोडला दहाला मिळती."

मग तिकीट. परदेशी माणसाला एक लाख वीस हजार डाँग, चारशे रुपयांच्या आसपास, आणि त्यात जुनी घरं, सभागृहं, देवळं यातली कुठलीही पाच ठिकाणं आत जाऊन बघायची. पाचही एका दिवसात उरकू नयेत. आम्ही पहिल्या दिवशी दोनच बघितली आणि पहिल्यातच अडकलो.

तान की हे व्यापाऱ्याचं घर. दर्शनी दार रस्त्यावर, मागचं दार नदीकडं. मागून होडीतला माल आत यायचा, पुढून विकला जायचा. सोळाव्या-सतराव्या शतकात या गावाला परदेशी लोक फाइफो म्हणत. चिनी आणि जपानी व्यापाऱ्यांच्या इथं वस्त्या होत्या, पोर्तुगीज आणि डच येऊन जात. रेशीम, चिनी माती, मिरी, दालचिनी. घर अरुंद आणि लांबलचक, मधोमध उघडा चौक. आपल्या वाड्यातला चौक आखडून ठेवल्यासारखा. चौकातल्या खांबांच्या शिंपल्याच्या जडावातली चिनी अक्षरं जवळ जाऊन बघावीत, अक्षराचा एकेक फराटा म्हणजे एकेक उडता पक्षी आहे.

तिथल्या मुलीनं चहा दिला आणि एक छोटा प्याला दाखवला. कन्फ्यूशियसचा प्याला म्हणतात त्याला. मध्ये एक बुटकी आकृती. पाणी ओतत गेलं की राहतं, काठाशी येऊ लागलं की एकदम सगळंच्या सगळं बुडाच्या भोकातून गळून जातं. मुलगी त्यातला बोध सांगायला लागली, हाव धरू नये वगैरे. आईंनी तिचा हात धरला.

"अगं, हा तर वासुदेव प्याला!"

आमच्या घरी पितळेचा आहे, त्यांच्या आजीचा. मध्ये वसुदेव, त्याच्या डोक्यावर बाळकृष्ण. पाणी वाढत वाढत बाळाच्या पायाला लागलं की यमुना ओसरते. आईंनी ही सगळी कथा त्या मुलीला मराठीत सांगितली, तुरुंगाच्या दारांपासून. मी मोडकंतोडकं इंग्रजी करत गेले. नदीला पूर, बाप पोराला डोक्यावर घेऊन निघालेला, पाणी गळ्याशी. मुलीला ते फार चटकन कळलं. तिनं उठून भिंतीवरच्या खुणा दाखवल्या. एकेका पुराची एकेक रेघ, शेजारी साल. सगळ्यांत वर १९६४.

आई त्या रेघेकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इथं पाय लावायला कुणी नव्हतं गं त्या वर्षी."

आमच्याही भिंतीवर रेघा आहेत. २००५ ची, तिच्या वर २०१९ ची, आणि २०२१ ची. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी २०१९ मध्ये सत्तावन्न फुटांवर गेली तेव्हा तळमजल्यावरचं धान्य, गाद्या, सासऱ्यांचे फोटो, सगळं माडीवर चढवायला आम्हाला एक दुपार मिळाली होती. होई आनच्या लोकांनी तो जिना चढण्याचा त्रास घरातच मिटवलेला आहे. दुपारी फुंग हुंग नावाचं दुसरं घर पाहिलं. तिथं माडीच्या तक्तपोशीत एक चौकोनी झडप आहे. पाणी वाढलं की ती उघडायची आणि माल, सामान थेट वर ओढून घ्यायचं. आई त्या झडपेखाली उभ्या राहून मान वर करून मापं घेत होत्या. घरी आल्यावर सुताराला बोलावणार आहेत. मी विषय काढत नाही.

बाहेर पडलो तर समोरच जपानी पूल. लाकडी, वरून कौलारू, अठरा-एक मीटर लांब, खाली ओढा. परंपरेप्रमाणे १५९३ साली बांधायला घेतला असं सांगतात. वीस हजार डाँगच्या नोटेवर हाच आहे. मोठी दुरुस्ती होऊन २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो पुन्हा उघडला आणि रंग फार नवा दिसतो म्हणून लोकांनी नाकं मुरडली. मलाही जरा नुकता रंगरंगोटी केलेल्या देवळासारखा वाटला, पण दोन-तीन पावसाळे जाऊ द्यावेत. एका टोकाला कुत्र्यांच्या मूर्ती, दुसऱ्या टोकाला माकडांच्या. पुलाची दंतकथा अशी: जमिनीखाली एक अजस्र प्राणी आहे, त्याची शेपटी जपानात, पाठ इथं आणि डोकं भारतात. तो हलला की धरणीकंप. म्हणून त्याच्या पाठीत हा पूल खुंटीसारखा ठोकला.

"मग कोयनेला हललं ते त्याचंच डोकं," आई लगेच म्हणाल्या. १९६७ च्या डिसेंबरात त्या बारा वर्षांच्या होत्या. भांड्यांची मांडणी पडल्याचा आवाज अजून सांगतात. "पूल इथं बांधून काय उपयोग? डोक्यावर बांधायला पाहिजे होता."

संध्याकाळी शिंप्याकडं. होई आनमध्ये पावलोपावली शिंपी आहेत, एका दिवसात सूट शिवून देणारे. आईंनी पिशवीतून मापाचा ब्लाऊज काढला. तो त्यांनी सांगलीहून मुद्दाम आणला होता, मला न सांगता.

गुरुवार, १३ मार्च

पहाटे पाचला 'मी सन' नावाच्या जुन्या देवळांच्या जागेकडं. चाळीसेक किलोमीटर. उन्हाआधी आणि बसच्या आधी पोचायचं, हा एकच मंत्र. तिकीट दीड लाख डाँग, फाटकापासून आत विजेची गाडी नेते.

डोंगरांनी वेढलेल्या खोलगट जागेत लाल विटांची देवळं. चाम लोकांच्या चंपा राज्याच्या राजांनी चौथ्या शतकापासून तेराव्यापर्यंत बांधलेली. सुरुवात केली भद्रवर्मन राजानं, आणि देवाचं नाव ठेवलं भद्रेश्वर. देवाच्या नावात स्वतःचं नाव. शिलालेख संस्कृतात आणि जुन्या चाम भाषेत. व्हिएतनामच्या जंगलात भद्रवर्मन, शंभुवर्मन अशी नावं ऐकताना अंगावर काटा येतो, कबूल. पण "सगळं आपलंच होतं" असं म्हणत फिरणारा एक भारतीय गट आमच्या पुढं होता, त्यांचं ऐकून मला कानकोंडं झालं. शंकर इकडून गेला असेल, पण विटा चाम लोकांनी भाजल्या, आणि इतक्या घट्ट बसवल्या की मध्ये चुना-मातीचा थर डोळ्यांना दिसत नाही. बोट फिरवून बघितलं, सांधा नखाला लागतो, इतकाच. चाम लोक आजही व्हिएतनामात आहेत, त्यांच्यातले काही हिंदू परंपरेतले.

१९६९ मध्ये अमेरिकी बाँबहल्ल्यात इथलं सगळ्यात मोठं शिखर कोसळलं. बाँबचे खड्डे अजून आहेत, गवत उगवलेले, वाटेच्या कडेला. २०१७ पासून भारतीय पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी देवळांच्या तीन गटांवर दुरुस्तीचं काम केलं, आणि त्यात २०२० मध्ये एका अखंड दगडाचं शिवलिंग मिळालं, नवव्या शतकातलं. आई त्यासमोर थांबल्या, पण हात जोडले नाहीत. मला आश्चर्य वाटलं. "चपला घालून आलीय मी," म्हणाल्या. सगळेच चपला घालून येतात म्हटल्यावर त्यांनी बाजूला होऊन चपला काढल्या, हात जोडले, परत घातल्या.

दुपार झोपेत.

संध्याकाळी चतुर्दशी. सातच्या सुमाराला पेठेतले दिवे गेले. रेशमी कंदील, लाल, पिवळे, निळे, आणि खाली नदीत हजारभर कागदी दिवे. सुंदर आहे, नाही कोण म्हणतं. पण गर्दी इतकी की पुलावर धक्के खात पाऊल सरकवावं लागतं, आणि दर तिसऱ्या पावलाला कुणीतरी स्वतःचा फोटो काढत उभं. होडीचे दर फलकावर लिहिलेले असतात, तिघांपर्यंत दीड लाख डाँग. आम्हाला गाठलेल्या पहिल्या होडीवाल्यानं चार लाख सांगितले. फलकाकडं बोट दाखवल्यावर त्याला आमचं बोट दिसेनासं झालं. पुढच्या बाईनं फलकाप्रमाणे नेलं.

होडीत बसल्यावर आईंनी घड्याळ बघितलं. "सांगलीत आता सहा वाजले. गोवऱ्या रचल्या असतील." दिवा पाण्यात सोडताना त्या पुटपुटल्या ते नाव मला ऐकू आलं, सासऱ्यांचं. कागदी दिव्यांचं पुढं काय होतं ते मी होडीवालीला विचारलं, तिनं जाळं ओढायची खूण केली. बाकीचे वल्हवत असताना एक जण खरोखरच जाळ्यानं विझलेले दिवे गोळा करत होता.

शुक्रवार, १४ मार्च

पौर्णिमा. तिथं अमावास्येनंतरच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला पुष्कळ लोक शाकाहार करतात, आणि एरवी माशाच्या सॉसशिवाय पान न हलणाऱ्या गावात त्या दिवशी ठिकठिकाणी शाकाहारी पाट्या लागतात. काव लाउ हा इथला खास पदार्थ, जाड, चिवट शेवया, वर डुकराचं मांस. शेवया बा ले विहिरीच्या पाण्यातच व्हायला हव्यात असं म्हणतात. आईंना त्याची शाकाहारी आवृत्ती मिळाली आणि त्यांनी दोनदा मागवली. रस्त्यावर काळ्या तिळाची गरम खीर विकणारे होते. आणि "आंबा केक" नावाचा पांढरा गोळा, ज्यात आंबा औषधालाही नाही, आत दाण्याचं कूट आणि साखर. "ही आपली दाण्याची पोळी, वरून तांदळाची," आई म्हणाल्या. हे पथ्याचा दिवस गाठून जाण्याचं गणित मात्र मी पुन्हा वापरणार. माळकरी माणूस बरोबर असेल तर मुक्कामात पौर्णिमा धरावी.

टोपलीच्या गोल होड्यांची सफर आम्ही सोडली. पाणनारळीच्या झाडीत छान वाटत असणार, पण ध्वनिक्षेपकाचा आवाज अर्ध्या किलोमीटरवरून ऐकू येत होता. त्याऐवजी त्रा क्वे या भाजीवाल्यांच्या गावात गेलो. नदीतलं शेवाळ जमिनीत गाडून खत करतात, वाफे रांगोळीसारखे आखलेले. आन बांगचा किनारा तिथून जवळ. तासभर बसलो, शहाळी घेतली.

रात्री शिंप्याकडून ब्लाऊज. पहिल्या वेळी बाही घट्ट होती, त्यांनी तासात सैल केली. घरी येऊन आई हसत सुटल्या. मापाच्या ब्लाऊजला शेवटचा हूक तुटल्यावर त्यांनी घाईत काळ्या दोऱ्यानं टाका घातला होता. शिंपिणीनं नव्या जांभळ्या ब्लाऊजला त्याच जागी, तशाच वेड्यावाकड्या काळ्या दोऱ्याचा टाका घातला होता.

शनिवार, १५ मार्च

निघताना मालकीणबाईशी गप्पा झाल्या, भाषांतराच्या ॲपवर. व्यापार इथून का गेला विचारलं. नदीत गाळ भरत गेला, मोठी जहाजं दा नांगला लागू लागली, एकोणिसाव्या शतकात गाव मागं पडलं. पैसे नव्हते म्हणून जुनी घरं पाडून नवी कुणी बांधली नाहीत. १९९९ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं आणि आता जुनं घर पाडायची सोय नाही. मी सन आणि होई आन, दोन्हींसाठी झटलेला काझिमिएश क्वियातकोव्हस्की हा पोलिश वास्तुविद, त्याचा पुतळा पेठेत आहे. मग आईंनी पुराचं विचारलं. ती म्हणाली, वरच्या धरणांतून पाणी सोडलं की फोन येतो. आईंनी मान डोलावली. "आमचंही असंच. कोयना, अलमट्टी."

विमानाआधी दा नांगच्या चाम शिल्पांच्या संग्रहालयात दोन तास. मी सनची उत्तमोत्तम शिल्पं इथं आहेत. आधी मी सन आणि मग हे, असा क्रम ठेवा. एका शिल्पपट्टीवर शेषशायी विष्णू, नाभीतून कमळ, त्यावर ब्रह्मदेव. इथं आईंनी चपलांचा विचार केला नाही. त्या म्हणाल्या, "पाण्यातच झोपलाय. त्याला काय भीती."

ऑक्टोबरच्या अखेरीस होई आनला मोठा पूर आला. फोनवर बातमी पाहिली आणि मालकीणबाईला संदेश टाकला. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, सोबत फोटो: जिन्याच्या पाचव्या पायरीला लागलेलं तपकिरी पाणी. आई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "विचार तिला, फ्रीज वर नेला का."

विचारलं. "हो, बा. फ्रीज आणि तांदूळ."

"आणि गादी?"

गादी राहिली होती.